विश्लेषण : गाडीचा ऑक्सिजन सेन्सर आणि १८८९ चे समीकरण… कोण होते व्हाल्टर नेर्न्स्ट?

डॅशबोर्डवर पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला जातो, स्क्रीनवर एक कोड उमटतो आणि ऑक्सिजन सेन्सर गेला, तो बदलावा लागेल, असे सांगितले जाते. काही वेळा ते खरे असते. काही वेळा मात्र नवा सेन्सर बसवून आठवडा होत नाही तोच दिवा पुन्हा लागतो. पैसे गेलेले असतात आणि दोष जिथे होता तिथेच असतो. असे का होते, हे समजण्यासाठी हा सेन्सर नेमके काय मोजतो ते माहीत हवे. त्याचे उत्तर एका जर्मन शास्त्रज्ञाच्या आयुष्यात दडले आहे. व्हाल्टर नेर्न्स्ट हे त्यांचे नाव. सेन्सर ज्या समीकरणावर चालतो ते त्यांचे, तो ज्या पदार्थाचा बनतो तोही त्यांच्याच दिव्यातला. त्यात ते मोटारींचे कमालीचे शौकीन. तरीही हा सेन्सर त्यांनी पाहिला नाही.

नेर्न्स्ट कोण होते?

व्हाल्टर हेरमान नेर्न्स्ट यांचा जन्म २५ जून १८६४ रोजी पश्चिम प्रशियातील ब्रीझेन या गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. वडील न्यायाधीश होते. शाळेत असताना व्हाल्टर यांना कवी व्हायचे होते, असे चरित्रकार सांगतात. पुढे विज्ञानाची गोडी लागली आणि त्या काळच्या जर्मन रीतीप्रमाणे ते एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात शिकत गेले. झुरिच, बर्लिन, ग्राझ आणि वुर्झबर्ग असा तो प्रवास होता.

ऑस्ट्रियातील ग्राझ येथे लुडविग बोल्ट्झमान यांचा प्रभाव त्यांच्यावर पडला. तिथेच आल्बर्ट फॉन एटिंग्सहाउझेन यांच्यासोबत त्यांनी चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या तापलेल्या धातूत वीज कशी निर्माण होते, याचा अभ्यास केला. हा परिणाम आजही या दोघांच्या नावाने ओळखला जातो. १८८७ मध्ये वुर्झबर्गहून डॉक्टरेट मिळवून ते लाइपझिगला विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्याकडे गेले. रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांच्या सीमेवर तेव्हा भौतिक रसायनशास्त्र हे नवे शास्त्र उभे राहत होते आणि लाइपझिग हे त्याचे केंद्र होते.

१८८९ चे समीकरण काय सांगते?

लाइपझिगमध्ये वयाच्या पंचविशीत नेर्न्स्ट यांनी एका जुन्या प्रश्नाला हात घातला. बॅटरीतून ठरावीक व्होल्टेज मिळते, पण ते नेमके किती मिळेल हे कशावर ठरते? १८८९ मध्ये त्यांनी मांडलेले उत्तर असे होते, की दोन बाजूंना एकाच पदार्थाचे प्रमाण वेगवेगळे असेल तर त्या फरकातून व्होल्टेज तयार होते. किती, ते त्या दोन प्रमाणांच्या गुणोत्तरावर आणि तापमानावर अवलंबून असते. गुणोत्तराचा परिणाम लॉगरिदमच्या हिशेबाने होतो. म्हणजे प्रमाण दहापट बदलले की व्होल्टेज एका ठरावीक पायरीने बदलते, शंभरपट बदलले की दोन पायऱ्यांनी.

अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात हे ‘नेर्न्स्ट समीकरण’ अनेकांनी पाठ केलेले असते. बॅटरी, प्रयोगशाळेतील पीएच मीटर, शरीरातील चेतापेशी या सगळ्यांचे गणित त्यावर चालते. गाडीच्या ऑक्सिजन सेन्सरचेही.

सेन्सरचे टोक एक्झॉस्ट पाइपमध्ये खुपसलेले असते. टोकाच्या बाहेरून धूर वाहतो, आतल्या पोकळीत साधी हवा असते. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, धुरात त्याहून कमी. या दोन बाजूंच्या फरकातून व्होल्टेज तयार होते. सेन्सरचे टोक ६०० अंश सेल्सिअसला असेल, तर ऑक्सिजनचे प्रमाण दहापट कमी होण्याची एक पायरी सुमारे ४३ मिलिव्होल्टची असते.

आता हिशेब करून पाहू. मिश्रणात पेट्रोल कमी असेल, म्हणजे मिश्रण ‘लीन’ असेल, तर धुरात दोनेक टक्के ऑक्सिजन उरतो. हवेच्या तुलनेत ते साधारण दहापट कमी, म्हणून व्होल्टेज फक्त एक पायरी, ०.०४ ते ०.०५ व्होल्ट. पेट्रोल जास्त असेल, म्हणजे मिश्रण ‘रिच’ असेल, तर उरलासुरला ऑक्सिजनही सेन्सरच्या प्लॅटिनमवर जळून जातो. त्याचे प्रमाण हवेच्या तुलनेत दहापट, शंभरपट नव्हे तर एकावर वीस शून्ये इतक्या पटींनी घटते. वीस पायऱ्या गुणिले ४३ मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारे ०.८६ व्होल्ट. मेकॅनिक ज्या ०.१ ते ०.९ व्होल्टच्या रीडिंगबद्दल बोलतात ते असे तयार होते. हा आकडा सेन्सर बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेला नाही, तो निसर्गनियमातून येतो.

दिव्यातून सेन्सरकडे…

समीकरण झाले, पण धूर आणि हवा यांच्यामध्ये उभी राहील आणि तरीही ऑक्सिजनचा विद्युतभार पलीकडे जाऊ देईल, अशी भिंत कशाची? त्याचे उत्तर नेर्न्स्ट यांच्याच दुसऱ्या कामातून मिळाले.

१८९० पासून ते गटिंगन विद्यापीठात होते. १८९२ मध्ये त्यांचा एमा लोमायर यांच्याशी विवाह झाला. त्यांना दोन मुलगे आणि तीन मुली झाल्या. गटिंगनमध्ये त्यांच्यासाठी भौतिक रसायनशास्त्राची स्वतंत्र संस्था उभी राहिली. १८९३ मध्ये आलेले त्यांचे सैद्धांतिक रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक अनेक वर्षे वापरात होते.

त्या काळी विजेचे दिवे कार्बनच्या तारेचे असत. वीज जास्त खात, उजेड मंद आणि पिवळट देत. नेर्न्स्ट यांनी १८९७ मध्ये वेगळाच दिवा शोधला. त्यात धातूची किंवा कार्बनची तार नव्हती. झिरकोनियम ऑक्साइडमध्ये थोडे यट्रियम ऑक्साइड मिसळून केलेली ती चिनी मातीसारखी बारीक कांडी होती. मुळातच ऑक्साइड असल्याने ती हवेत जळत नसे, त्यामुळे निर्वात काचेच्या फुग्याची गरज नव्हती. उजेड पांढरा शुभ्र आणि वीज कार्बनच्या दिव्यापेक्षा बरीच कमी.

अडचण एकच होती. थंड असताना या कांडीतून वीज वाहतच नाही. आधी तिला तापवावे लागे. सुरुवातीला काडी किंवा स्पिरिटचा दिवा लावून, नंतर शेजारी बसवलेल्या हीटरच्या वेटोळ्याने. तापली की तिच्यातून वीज वाहू लागे. तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन वाहतात, पण या कांडीत विद्युतभार असलेले ऑक्सिजनचे कण, म्हणजे आयन, सरकतात.

एईजी या जर्मन कंपनीने या दिव्याचे हक्क घेतले. त्यासाठी नेर्न्स्ट यांना सुमारे दहा लाख मार्क मिळाल्याचे सांगितले जाते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एईजीचे दालन या दिव्यांनी उजळले होते. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी त्याचे उत्पादन सुरू केले. मात्र काही वर्षांतच टंगस्टनच्या तारेचे स्वस्त आणि तत्काळ पेटणारे दिवे आले आणि नेर्न्स्ट दिवा मागे पडला. प्रयोगशाळांमध्ये अवरक्त किरणांचा स्रोत म्हणून तो तेवढा टिकला.

गाडीच्या ऑक्सिजन सेन्सरमध्ये आज जी भिंत असते, ती याच कुळातल्या झिरकोनियाची असते. थंड असताना तीही मुकी असते. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढेच ती नीट बोलू लागते. म्हणूनच आजच्या सेन्सरमध्ये छोटा हीटर असतो, नेर्न्स्ट दिव्यात होता तसाच.

अठरा मोटारींचा मालक

दिव्याचे पैसे आले आणि नेर्न्स्ट यांनी १८९८ मध्ये पहिली मोटार घेतली. आयुष्यभरात त्यांनी १८ मोटारी बाळगल्या. त्या काळी मोटार चालवणे म्हणजे अर्धे मेकॅनिक असणे. चढावर इंजिन दम टाकत असे. त्यावर नेर्न्स्ट यांनी रसायनशास्त्रज्ञाला शोभेल असा उपाय केला. ते गाडीत नायट्रस ऑक्साइडचा सिलिंडर ठेवत आणि गरज पडली की तो वायू कार्ब्युरेटरमध्ये सोडत. नायट्रस ऑक्साइड तापल्यावर फुटतो आणि त्यातून जास्तीचा ऑक्सिजन मिळतो, त्यामुळे जास्त इंधन जाळता येते. आज शर्यतीच्या गाड्यांमध्ये वापरली जाणारी ‘नायट्रो’ची युक्ती हीच.

इंजिनात जळायला ऑक्सिजन किती, यावर ताकद ठरते, हे त्यांना पक्के माहीत होते. धुरात ऑक्सिजन किती उरला, हे मोजून इंधनाचे प्रमाण आपोआप ठरवणे मात्र त्या काळात शक्य नव्हते. त्यासाठी सेकंदाला अनेकदा हिशेब करणारा संगणक गाडीत असावा लागतो.

तिसरा नियम आणि नोबेल

१९०५ मध्ये नेर्न्स्ट बर्लिन विद्यापीठात गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी उष्णतेचा नवा सिद्धांत मांडला, जो पुढे ऊष्मागतिकीचा तिसरा नियम म्हणून ओळखला गेला. तापमान निरपेक्ष शून्याकडे जाते तसा रासायनिक बदलातील एन्ट्रॉपीचा फरकही शून्याकडे जातो, असा त्याचा गाभा आहे. कोणती रासायनिक क्रिया कुठवर पुढे जाईल, हे केवळ उष्णतेच्या मोजमापांवरून आधीच सांगता येऊ लागले. कारखानदारीसाठी ही फार मोठी गोष्ट होती. सिद्धांत पडताळण्यासाठी नेर्न्स्ट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अतिशीत तापमानाला पदार्थांची उष्णता मोजण्याचे किचकट काम वर्षानुवर्षे केले. या कामासाठी त्यांना रसायनशास्त्राचे १९२० चे नोबेल मिळाले. ते प्रत्यक्षात १९२१ मध्ये देण्यात आले.

बर्लिनच्या या वर्षांत विज्ञानाच्या जगात त्यांचा शब्द वजनदार होता. १९११ मध्ये ब्रसेल्समध्ये भरलेल्या पहिल्या सॉल्व्हे परिषदेमागे त्यांचा पुढाकार होता. १९१३ मध्ये माक्स प्लांक आणि नेर्न्स्ट झुरिचला गेले आणि अल्बर्ट आइन्स्टाइन यांना बर्लिनला येण्याचे निमंत्रण देऊन आले.

महायुद्धात काय झाले?

नेर्न्स्ट यांच्या आयुष्यातला हा सर्वांत अवघड भाग. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते पन्नास वर्षांचे होते. मुलगे सैन्यात गेले. वडील स्वतःची मोटार घेऊन स्वयंसेवक चालकांच्या दलात दाखल झाले. ऑगस्टमध्ये बर्लिनहून कागदपत्रे घेऊन ते फ्रान्समधल्या जर्मन फौजेपर्यंत पोहोचले आणि तिच्याबरोबर पुढे सरकत गेले. रात्री पॅरिसच्या दिव्यांचा उजेड आकाशात दिसावा इतक्या जवळ ते पोहोचले होते. मार्नच्या लढाईनंतर फौज मागे फिरली.

जर्मन सैन्यावरील अत्याचारांचे आरोप फेटाळणाऱ्या ९३ जर्मन विद्वानांच्या जाहीरनाम्यावर त्यांचीही सही होती. पुढे लष्कराचे वैज्ञानिक सल्लागार म्हणून त्यांनी स्फोटके आणि डोळ्यांना, नाकाला त्रास देणाऱ्या रसायनांवर काम केले. ऑक्टोबर १९१४ मध्ये नव्ह-शापेल येथे अशा रसायनांचे तोफगोळे वापरले गेले. त्यांचा परिणाम जवळजवळ काहीच झाला नाही. पण त्या वाटेने पुढे गेलेल्या जर्मनीने एप्रिल १९१५ मध्ये ईप्र येथे क्लोरिन वायू सोडला. त्या मोहिमेचे नेतृत्व फ्रिट्झ हाबर यांचे होते, नेर्न्स्ट यांचे नव्हे. तरीही रसायनशास्त्र रणांगणात नेणाऱ्या पहिल्या काही जणांत नेर्न्स्ट होते, ही नोंद पुसता येत नाही.

त्यांना लष्करी सन्मान मिळाले. पण युद्ध संपले तेव्हा त्यांचे दोन्ही मुलगे मारले गेले होते.

अखेरची वर्षे

युद्धानंतर १९२२ ते १९२४ या काळात ते बर्लिनच्या राष्ट्रीय मापन संस्थेचे अध्यक्ष होते. त्यानंतर ते विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. वय साठीच्या पुढे गेले तरी हात स्वस्थ नव्हते. १९३० च्या सुमारास त्यांनी बेखश्टाइन आणि सीमेन्स या कंपन्यांसोबत विजेवर चालणारा पियानो तयार केला. त्यात तारांची कंपने चुंबक आणि कॉइल यांच्या मदतीने टिपून लाउडस्पीकरवर ऐकवली जात. संगीतकारांनी त्याचे फारसे स्वागत केले नाही.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. नेर्न्स्ट यांच्या दोन मुलींचे पती ज्यू होते. त्या दोघींना देश सोडावा लागला, एक इंग्लंडला गेली आणि दुसरी ब्राझीलला. नेर्न्स्ट यांचे नव्या राजवटीशी जमण्यासारखे नव्हते. त्याच वर्षी निवृत्त होऊन ते त्सिबेले येथील आपल्या शेतीवाडीवर राहायला गेले. तिथे ते कार्प मासे पाळत. त्यामागचा एक किस्सा सांगितला जातो. गोठा गायींच्या अंगच्या उष्णतेने उबदार झालेला पाहून आपण जगाला ऊब देण्यासाठी चारा खर्च करत आहोत, असे त्यांना वाटले आणि शीतरक्ताचे मासे पाळणे त्यांनी पसंत केले. उष्णतेचा हिशेब त्यांच्या स्वभावातच होता.

१८ नोव्हेंबर १९४१ रोजी त्सिबेले येथे त्यांचे निधन झाले. पुढे त्यांचे अवशेष गटिंगनला नेण्यात आले. तिथल्या दफनभूमीत माक्स प्लांक, ओटो हान आणि माक्स फॉन लाउए यांच्या समाधींजवळ त्यांची समाधी आहे.

मग सेन्सर गाडीत कधी आला?

नेर्न्स्ट यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९४३ मध्ये, कार्ल वाग्नर यांनी झिरकोनियात ऑक्सिजनचे आयन नेमके कसे सरकतात याचे स्पष्टीकरण दिले. यट्रियममुळे स्फटिकात ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात आणि आयन या रिकाम्या जागांतून उड्या मारत पुढे जातात.

गाडीत त्याची गरज पडली ती प्रदूषणाच्या कायद्यांमुळे. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे अशा तिन्ही घातक घटकांना एकाच वेळी आवरणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तेव्हाच नीट काम करतो, जेव्हा हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी जवळ असते. त्यासाठी धुरावर सतत नजर ठेवणारे काहीतरी हवे होते. जर्मनीच्या बॉश कंपनीने झिरकोनियाचा ‘लॅम्डा सेन्सर’ तयार केला आणि १९७६ मध्ये तो अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्वोच्या गाड्यांमध्ये पहिल्यांदा बसवला गेला.

भारतात १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आले. शिसे कन्व्हर्टर आणि सेन्सर दोन्ही निकामी करते, त्यामुळे या दोन गोष्टी एकत्रच येणे भाग होते. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले. आज पेट्रोलच्या बहुतेक कौटुंबिक गाड्यांत किमान दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. एक कन्व्हर्टरच्या आधी, एक नंतर. पहिला इंधनाचे प्रमाण ठरवायला मदत करतो, दुसरा कन्व्हर्टर नीट काम करतो आहे का ते पाहतो.

सेन्सरच खराब आहे हे कसे ओळखायचे?

सर्वांत आधी कोड लिहून घ्यावा, लगेच पुसू नये. कोड हे निदान नसते. सेन्सरला किंवा त्याच्या वायरिंगमध्ये काय दिसले, एवढेच तो सांगतो. साध्या ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टरने आणि मोबाइलवरील अॅपने हे कोड घरीही वाचता येतात. त्यांचे ढोबळ तीन गट पडतात.

पहिला गट हीटरचा. पी-०१३५ म्हणजे पहिल्या सेन्सरच्या हीटर सर्किटमधला बिघाड, पी-०१४१ म्हणजे दुसऱ्याच्या. इथे आधी फ्यूज पाहावा, मग कनेक्टरमध्ये गंज किंवा पाणी आहे का ते. उंदराने वायर कुरतडली आहे का, तेही. नंतर मल्टिमीटरने हीटरचा रोध मोजावा. तो साधारण काही ओहम असतो, नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. मीटर अनंत रोध दाखवत असेल तर हीटरची तार तुटली आहे आणि सेन्सर बदलण्याला पर्याय नाही.

दुसरा गट मिश्रणाचा. पी-०१७१ म्हणजे मिश्रण लीन, पी-०१७२ म्हणजे रिच. या कोडवर सेन्सर बदलला जातो आणि पैसे वाया जातात ते इथेच. सेन्सर तक्रार करतो आहे, म्हणजे तो बहुधा जिवंत आहे. इनटेकच्या फाटलेल्या नळीतून जास्तीची हवा येत असेल, एअर फ्लो सेन्सर मळला असेल किंवा इंधनाचा दाब कमी असेल तर मिश्रण खरोखरच लीन होते. एक्झॉस्टला सेन्सरच्या आधी भेग असेल तर बाहेरची हवा आत शिरते. स्पार्क प्लग चुकत असेल तर न वापरलेला ऑक्सिजन धुरात येतो. दोन्ही वेळा मिश्रण बरोबर असूनही सेन्सर लीन सांगतो, आणि तरी तो खोटे बोलत नसतो. तो फक्त ऑक्सिजन मोजतो, तो कुठून आला ते त्याला कळत नाही. अॅपवर ‘फ्यूएल ट्रिम’ पाहिला तर उलगडा सोपा होतो. ट्रिम आयडलिंगला खूप जास्त आणि २५०० आरपीएमला सामान्य असेल तर हवेच्या गळतीचा संशय घ्यावा. इंजिनावर भार वाढल्यावर ट्रिम वाढत असेल तर इंधन पुरवठ्याचा.

तिसरा गट सेन्सरच्या सिग्नलचा. पी-०१३३ म्हणजे प्रतिसाद मंद, पी-०१३४ म्हणजे हालचालच नाही. इथे नेर्न्स्ट यांचे समीकरण थेट कामाला येते. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर अॅपवर पहिल्या सेन्सरचे व्होल्टेज लावावे. ते ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत वरखाली व्हायला हवे. अॅक्सिलरेटर झटक्यात दाबला की मिश्रण रिच होऊन व्होल्टेज ०.८ च्या पुढे उडी मारायला हवे. वेगात असताना पाय पूर्ण उचलला की इंजिन इंधन तोडते आणि एक्झॉस्टमधून नुसती हवा जाते. दोन्ही बाजूंना हवाच असल्याने फरक उरत नाही, म्हणून व्होल्टेज शून्याजवळ यायला हवे. ही चाचणी रिकाम्या रस्त्यावर करावी आणि मोबाइल शेजारच्या व्यक्तीने पाहावा. दोन्ही टोके सेन्सर चटकन गाठत असेल तर त्याला दोष देण्याचे कारण नाही. मध्येच अडकत असेल किंवा रेंगाळत असेल, आणि वायरिंग ठीक असेल, तर सेन्सर म्हातारा झाला आहे.

एक खबरदारी. अनेक नव्या गाड्यांत पहिला सेन्सर ‘वाइडबँड’ प्रकारचा असतो. त्याच्या आतही नेर्न्स्ट सेल असतो, पण तो सिग्नल विद्युतप्रवाहाच्या रूपात देतो. त्याला ०.१ ते ०.९ चा नियम लावू नये.

पी-०४२० हा कोड वेगळा. कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटल्याचे तो सांगतो. दुसरा सेन्सर बदलल्याने तो सहसा जात नाही.

बदलताना काय सांभाळावे?

• गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः हात लावण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारावे.

• एक्झॉस्ट थंड होऊ द्यावा. गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरू नये, स्टँड लावावेत.

• जुना सेन्सर सहसा गंजून घट्ट बसलेला असतो. गंज सोडवणारे तेल मारून थोडा वेळ थांबावे. बहुतेक सेन्सरना २२ मिमीचा पाना लागतो, वायरसाठी खाच असलेला सॉकेट मिळाला तर उत्तम.

• नवा सेन्सर त्याच पार्ट नंबरचा घ्यावा. आट्यांना कंपनीने आधीच लेप लावलेला असतो. टोकाला बोट, तेल किंवा सिलिकॉन लागू देऊ नये. मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच घट्ट करावा.

• कनेक्टरमध्ये ग्रीस भरू नये, वायर कापून डाग देऊ नये. अनेक सेन्सरमध्ये आतल्या बाजूची तुलनेची हवा वायरच्या धाग्यांमधून येते. ती वाट बुजली की सेन्सर चुकीचे मोजू लागतो.

• शेवटी कोड पुसून गाडी काही दिवस चालवावी आणि पुन्हा स्कॅन करावे. इंजिन तेल जाळत असेल किंवा कूलंट आत गळत असेल तर ते आधी दुरुस्त करावे, नाहीतर नवा सेन्सरही त्याच मार्गाने जाईल.

गॅरेजमध्ये कोणता प्रश्न विचारावा?

काम स्वतः करायचे नसले तरी एक प्रश्न विचारता येतो : सेन्सर बदलण्याआधी त्याचे लाइव्ह व्होल्टेज पाहिले का, आणि ते दोन्ही टोकांना गेले का? चांगला मेकॅनिक या प्रश्नावर चिडणार नाही, स्कॅनर तुमच्याकडे वळवून दाखवेल. नेर्न्स्ट यांच्या काळात हा स्कॅनर नव्हता आणि त्यांच्या अठरांपैकी एकाही गाडीत हा सेन्सर नव्हता. आज तो गाडीत आहे आणि त्याचे रीडिंग तुमच्या मोबाइलवर दिसू शकते. सेन्सर बदलण्याआधी ते एकदा पाहून घ्यायला हरकत नाही.